मनगटावरचा आकडा आणि वावरातले काम

नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या शिवारात कापूस वेचणारी बाई जरा जवळून बघा. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात पऱ्हाटीत. एका झाडावरची पाच-सहा बोंडे वेचून ती अर्धे पाऊल पुढे सरकते, पुन्हा वेचते. ओटी भरली की तासाच्या टोकाशी जाऊन ती गाठोड्यात रिकामी करते. तिच्या मनगटावर फिटनेस बँड बांधला तर संध्याकाळी तो काय दाखवेल? अर्धे पाऊल सरकणे त्याला चालण्यात धरता येत नाही. बोंडातून कापूस ओढताना हाताला बसणारा हिसका मात्र तो कधी पाऊल समजेल, कधी सोडून देईल. दिवसभर वाकून केलेल्या कामाचा हिशेब काट्यावर किलोत होतो आणि मजुरी त्यावर ठरते. बँडवरचा आकडा कशाचा हिशेब आहे, हे मात्र डब्यासोबत आलेल्या कागदावर धड लिहिलेले नसते. आज हे पट्टे एमआयडीसीतल्या कामगारापासून शाळेतल्या शिक्षकापर्यंत अनेकांच्या हातात आहेत, आणि त्यांच्या आकड्यांवरून कोणी जेवण ठरवतो, कोणी व्यायाम, तर कोणी स्वतःला आळशी ठरवतो. म्हणून त्यातल्या कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे समजून घेतले पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे: हे घड्याळ आपले कष्ट मोजत नाही, आपल्या हाताची हालचाल मोजते. हात आणि पाय एका लयीत असतील तोवर ते खरे बोलते. आपल्याकडची बहुतेक रोजची कामे त्या लयीत बसत नाहीत, त्यामुळे घड्याळाची परीक्षा आपल्या कामावर आपणच घ्यावी लागते.

आधी पावलांचे पाहू. बँडच्या आत एक बारीक चिप असते. ती वर-खाली, मागे-पुढे आणि डावी-उजवीकडे अशा तिन्ही दिशांनी बसणारे धक्के टिपते. माणूस मोकळ्या हाताने झपझप चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला हात ठरावीक तालात हलतो आणि अंगाला ठरावीक हादरा बसतो. हा ताल सापडला की आतला हिशेब पावले मोजू लागतो. हाताची प्रत्येक हालचाल पाऊल समजली जाऊ नये म्हणून अनेक घड्याळे लगेच मोजायला सुरुवात करत नाहीत. काही पावले सलग पडली तरच ती मोजतात. सकाळी सावनेर रस्त्याने फिरायला निघालेल्या माणसासाठी ही युक्ती उत्तम आहे. स्वयंपाकघरात ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावले आणि तिथून मोरीपर्यंत पाच पावले असे दिवसभर चालणाऱ्या बाईची कितीतरी पावले मात्र त्यात गळून जातात. उलट कणीक मळताना, भाकरी थापताना किंवा कपडे घासताना हात एकाच तालात बराच वेळ चालतो, तेव्हा जागचे न हलताही पावले वाढू शकतात. चालली ती पावले गेली आणि न चाललेली आली, असा प्रकार.

हाच नियम बाहेरच्या कामांना लावून पाहा. कारखान्यात ट्रॉली ढकलणाऱ्याचे हात दांड्यावर घट्ट असतात. संत्र्याच्या तोडणीत भरलेले कॅरेट डोक्यावर नेणारा एका हाताने ते धरून असतो. कडेवर लेकरू घेतलेल्या आईचा हात हलतच नाही. या तिघांचेही पाय चालतात, पण मनगट स्थिर राहते आणि घड्याळ कमी मोजते. चाल फार संथ असेल तरी तेच होते. म्हणून काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मनगटावरचा पट्टा सर्वांत जास्त फसतो. नेमकी त्यांचीच पावले मोजण्याची घरच्यांना घाई असते. निंदणाला बसलेली बाई उकिडवी सरकत जाते. तिचे एक पाऊलही धड मोजले जाण्यासारखे नसते, पण संध्याकाळी मांड्या आणि पाठ भरून येते. याउलट खड्ड्यांच्या रस्त्याने मोटारसायकलवर नागपूरला जाऊन आलेल्या माणसाच्या खात्यात हँडलच्या हादऱ्यांनी फुकटची पावले जमा होऊ शकतात. आदासाच्या टेकडीवर चढताना आणि सपाट रस्त्यावर चालताना पाऊल एकच मोजले जाते, मग दम कितीही लागो. मजले किंवा चढ मोजायला हवेचा दाब ओळखणारा वेगळा सेन्सर लागतो आणि तो प्रत्येक घड्याळात नसतो.

नाडीचा आकडा वेगळ्या पद्धतीने येतो. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढले की परत येणारा प्रकाश कमी होतो, ओसरले की वाढतो. हा चढउतार मोजला की ठोके मिळतात. हात स्वस्थ असेल तर ही रीत चांगली चालते. हात हलू लागला की घड्याळ कातडीवर सरकते, बाहेरचा उजेड आत शिरतो, घामाचा थर मध्ये येतो आणि आकडा भरकटतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत ५३ जणांच्या हातांवर वेगवेगळी घड्याळे बांधली होती. विश्रांतीपेक्षा हालचालीच्या वेळी चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त निघाली. सावळ्या कातडीवर ही घड्याळे चालत नाहीत, अशी शंका आपल्याकडे अनेकांना असते; त्या तपासणीत कातडीच्या रंगामुळे अचूकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र कातडीच्या आत शाई असेल तर ती प्रकाश अडवू शकते. आपल्याकडच्या जुन्या बायांच्या मनगटावर ठसठशीत गोंदण असते. त्या हाताची नाडी घड्याळाला न सापडणे शक्य आहे. अशा वेळी पट्टा दुसऱ्या हाताला किंवा गोंदणापासून थोडा वर बांधून पाहावा. घड्याळ बांगड्यांच्या गर्दीत अडकलेले असेल तरी ते सतत सरकत राहते.

नाडीच्या आकड्यात आणखी एक फसगत असते आणि ती पकडायला सोपी आहे. भराभर चालताना मिनिटाला साधारण ११० ते १२० पावले पडतात. त्या वेळी हृदयाचे ठोकेही पुष्कळदा त्याच आसपास असतात. दोन ताल इतके जवळ आले की घड्याळ रक्ताचा ताल सोडून हाताच्या हिंदोळ्याचा ताल धरते आणि पावलांचाच वेग नाडी म्हणून दाखवते. चालताना नाडीचा आकडा बराच वेळ एकाच जागी चिकटून बसला आणि तुमच्या पावलांच्या वेगाशी जुळला, तर त्यावर विश्वास ठेवू नका. थांबा, हात स्थिर धरा आणि पंधरा-वीस सेकंदांनी पुन्हा पाहा.

आता कॅलरीचा आकडा. सगळ्यांत जास्त लोक ज्यावर जेवण ठरवतात, तो हाच. आणि सगळ्यांत कच्चाही हाच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ६० स्वयंसेवकांवर सात घड्याळे तपासली. बसणे, चालणे, धावणे आणि सायकल चालवणे या हालचालींपैकी सायकल चालवताना सातपैकी सहा घड्याळांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सर्वांत चांगल्या घड्याळाची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. कारण उघड आहे. कॅलरी कोणतेच घड्याळ मोजत नाही. तुम्ही भरलेले वय, वजन, उंची आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून ते विश्रांतीतला खर्च धरते आणि त्यात पावले व नाडी यांवरून केलेला अंदाज मिसळते. विश्रांतीतल्या खर्चाची सूत्रेही सगळ्यांना सारखी लागू पडत नाहीत. परदेशी सूत्रे भारतीयांसाठी जास्त आकडा देतात म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांना ती कमी करून वापरावी लागली होती. तुमच्या घड्याळात कोणते सूत्र आहे, हे तुम्हाला कळत नाही. समजा ते म्हणाले, ४०० कॅलरी खर्च झाल्या. सर्वांत चांगल्या घड्याळाची सरासरी चूक धरली तरी खरा आकडा सुमारे ३१५ किंवा ५५० असू शकतो. शंभर कॅलरी म्हणजे साधारण एक पोळी. आज ४०० जाळल्या म्हणून आणखी एक प्लेट तर्री-पोहे चालतील, असा हिशेब मांडणारा माणूस प्रत्यक्षात न केलेला खर्च खाऊन बसतो.

आपल्या भागात या चुकीत ऊन भर घालते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला कातडीकडे जास्त रक्त पाठवावे लागते, त्यामुळे काम तेवढेच असूनही नाडी वाढते. शरीर त्या प्रमाणात जास्त ऊर्जा जाळत नसते. नाडीवरून कॅलरी काढणाऱ्या घड्याळाला हे कळत नाही. त्याला वाढलेली नाडी म्हणजे वाढलेला व्यायाम वाटतो. ताप, भीती, कडक चहा यांनीही असेच होते. डिसेंबरच्या गारठ्यात आणि मेच्या उन्हात तेच अंतर चालणाऱ्याला घड्याळ मे महिन्यात जास्त शाबासकी देईल. खरे तर तो आकडा सावलीत बसून पाणी प्यायची सूचना म्हणून वाचायला हवा.

यावर पहिला आक्षेप येतो तो विचार करणाऱ्या वाचकाचा. आकडा चुकीचा असला तरी रोज तेवढाच चुकत असेल तर कालची आणि आजची तुलना होतेच की! वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी वजन उतरते आहे की नाही हे त्यावर कळतेच. हे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि घड्याळाचा खरा उपयोग त्याच अर्ध्यात आहे. पण काट्याची चूक वस्तू बदलली म्हणून बदलत नाही. घड्याळाची चूक काम बदलले की बदलते. ऑफिसात बसणाऱ्या माणसाचे काम वर्षभर एकसारखे असते, त्याला ही तुलना चालते. शेतीवर जगणाऱ्या घराचे काम हंगामागणिक बदलते: पावसाळ्यात निंदण, पुढे कापसाची वेचणी, संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहाराची तोडणी, उन्हाळ्यात लग्नसराई. निंदणाच्या महिन्यात पावले कमी दिसतील म्हणून ती बाई कमी राबली असे होत नाही, आणि लग्नसराईत मोटारसायकलवर गावोगाव हिंडणाऱ्याची पावले वाढली म्हणून तो जास्त चालला असेही नाही. तुलना करायचीच तर एकाच प्रकारच्या कामाच्या दिवसांची एकमेकांशी करावी. या सोमवारचे सकाळचे फिरणे गेल्या सोमवारच्या सकाळच्या फिरण्याशी ताडून पाहा. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना तर करूच नये. त्याचे घड्याळ वेगळे, हात वेगळा आणि कामही वेगळे.

दुसरा आक्षेप खिशाचा: दोन हजारांच्या पट्ट्यात हे व्हायचेच, महागडे घड्याळ घेतले की भागेल. नाडीच्या बाबतीत यात थोडे तथ्य आहे. चांगला सेन्सर आणि नीट बसणारा पट्टा असेल तर फरक पडतो. पण स्टॅनफर्डच्या तपासणीत नावाजलेल्या कंपन्यांची घड्याळे होती आणि कॅलरीत ती सगळीच चुकली. ट्रॉलीच्या दांड्यावर स्थिर असलेला हात लाखाच्या घड्याळालाही स्थिरच दिसणार. म्हणून फक्त कॅलरी मोजण्यासाठी महाग घड्याळ घेण्यात अर्थ नाही. स्वस्त असो वा महाग, त्यावर रक्तदाब आणि साखर दाखवण्याची जाहिरात असेल तर विशेष सावध राहा. कातडीला न टोचता रक्तातली साखर मोजणारे एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मान्य केलेली नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावले. अशा आकड्यावर इन्सुलिन किंवा गोळी कमी-जास्त करणे जिवावर बेतू शकते. साखर टोचून, रक्तदाब दंडाच्या पट्ट्यावर, हाच नियम ठेवा.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे: एवढे चुकते तर काढून फेकावे. तेही बरोबर नाही. २०२२ साली लॅन्सेट डिजिटल हेल्थमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात पूर्वीचे ३९ आढावे एकत्र पाहिले होते. ही साधने वापरणाऱ्यांची रोजची पावले सरासरी सुमारे १,८०० ने वाढल्याचे त्यात दिसले. वजनातली घट मात्र किलोभराच्या आसपासच होती. म्हणजे घड्याळ चालायला उठवते. वजन उतरवण्याचे काम त्याच्याकडून फारसे होत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०१६ सालच्या अभ्यासात तर दंडावर बांधायचे यंत्र वापरणाऱ्यांचे वजन दोन वर्षांत सरासरी ३.५ किलोने उतरले आणि यंत्राविना नुसता सल्ला पाळणाऱ्यांचे ५.९ किलोने. हृदयाच्या बाबतीतली बातमीही याच चौकटीत वाचावी. घड्याळाने अनियमित नाडी पकडून माणसाला वेळेत डॉक्टरकडे पाठवल्याच्या बातम्या खोट्या नसतात. चार लाखांहून जास्त लोक सहभागी झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत घड्याळाने इशारा दिला त्याच वेळी दुसऱ्या यंत्राने तपासले असता १०० पैकी ८४ वेळा तो खरा ठरला. पण घड्याळाची ती नाडीतपासणी हात स्वस्थ असतानाच होते. तेच घड्याळ, तोच दिवा. हात थांबला की भरवशाचे, हात राबू लागला की अंदाजाचे. आणि छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येणे यांतले काही होत असेल तर घड्याळाकडे बघत बसू नका, दवाखाना गाठा. पडद्यावरचा आकडा चांगला आहे, एवढ्यावर थांबू नका.

तर आता परीक्षा कशी घ्यायची? घड्याळ ज्या हाताने कमी काम करता त्या हाताला, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, सरकणार नाही पण वळही पडणार नाही असे बांधा. वय, वजन, उंची खरी भरा. एका खिशात हरभऱ्याचे दहा दाणे ठेवा. मोकळ्या हाताने नेहमीच्या चालीने चाला आणि दर वीस पावलांना एक दाणा दुसऱ्या खिशात टाका. दाणे संपले की २०० पावले झाली. दाणा टाकायचा हात घड्याळाचा नसू द्या. घड्याळाने १९० ते २१० दाखवली तर सरळ चालण्यासाठी ते चांगले आहे. मग हीच २०० पावले तुमच्या कामासारखी चाला: हातात बादली, ट्रॉलीचा दांडा, कडेवर मूल, जे खरे असेल ते. हात मोकळा नसेल तर शेजारच्या माणसाला दाणे मोजायला लावा. तिसऱ्या वेळी बसून दहा मिनिटे हाताचे काम करा, कणीक मळा नाहीतर कपडे घासा, आणि किती फुकटची पावले जमा झाली ते लिहा. मोटारसायकलवर रोज जात असाल तर निघतानाचा आणि पोचल्यावरचा आकडा लिहून ठेवा. नाडीसाठी पाच मिनिटे शांत बसा, अंगठ्याखाली दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. घड्याळाशी चार-पाच ठोक्यांचा फरक असेल तर चालेल. मग भराभर चालून या आणि थांबताक्षणी पंधरा सेकंद मोजून चौपट करा. उशीर केला तर नाडी उतरते आणि तुलना फसते. ही सारी परीक्षा एका दिवशी एकदा करून थांबू नका, तीन दिवस करा. तिन्ही दिवस चूक सारखी आली तर ती गृहीत धरता येते. रोज वेगळी आली तर त्या कामासाठी घड्याळ निरुपयोगी आहे.

लक्ष्याबद्दलही धास्ती नको. रोजच्या १०,००० पावलांचा आकडा एखाद्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानमध्ये एका पावले मोजणाऱ्या यंत्राचे नावच ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, असे ठेवले आणि तो आकडा जगभर चिकटला. सुमारे ४७,००० लोकांची माहिती एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीपुढच्यांना ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत, तर त्याहून तरुणांना ८,००० ते १०,००० पावलांपर्यंत फायदा वाढत गेलेला दिसला. त्यापुढे तो फारसा वाढला नाही. म्हणून आठवड्याची सरासरी पाहा, एका दिवसाचे वाईट वाटून घेऊ नका. व्यायामाचा जोर पाहायला जुनी खूण पुरेशी आहे: चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा दम लागला म्हणजे मध्यम व्यायाम. ज्या दिवशी वावरात किंवा कारखान्यात अंगमेहनत झाली, त्या दिवशी संध्याकाळी घड्याळ ३,००० दाखवते म्हणून उरलेली पावले भरायला अंगणात येरझारा घालायची गरज नाही.

परीक्षेचे आकडे एका चिठ्ठीवर लिहा: मोकळे चालणे इतके खरे, कामातले चालणे इतके कमी, बसल्या कामात इतकी फुकट, मोटारसायकलवर इतकी. चिठ्ठी भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचा. मृग लागला, वेचणी सुरू झाली, उन्हे तापली की काम बदलेल आणि चूकही बदलेल. तेव्हा हरभऱ्याचे ते दहा दाणे पुन्हा खिशात टाका.